हात कोणाचा, लाभ कोणाचा?

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचे एक शोकेस आहे. अब्बांनी हजहून आणलेली तसबीह, मला वक्तृत्व स्पर्धेत मिळालेली ढाल, कधीही न वापरलेला सहा कपांचा संच आणि मुठीएवढे एक पांढरे प्रवाळ, एवढा त्यातला ऐवज. प्रवाळावर मेंदूवर असतात तशा नागमोडी वळ्या आहेत. पाहुणे आले की अम्मी ते त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "आमच्या पोराने अमेरिकेच्या समुद्रातून आणलंय."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला बेटांचे प्रकार शिकवताना हे प्रवाळ मी पिशवीत घालून शाळेत नेले. शैक्षणिक साधन मुलांना प्रत्यक्ष हाताळू द्यावे, असे आम्हाला बी.एड.ला शिकवलेले. प्रवाळ बाकावरून बाकावर फिरले. शेवटच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "टीचर, ये ज़िंदा था?" मी म्हटले, "हां, था." तिने पुढे विचारले, "फिर किसने मारा?" मी म्हटले, "मालूम नहीं." तेव्हा तिने अगदी साधेपणाने तिसरा प्रश्न केला, "और आपको किसने दिया?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले. पण ते तीन प्रश्न माझ्याबरोबर घरी आले. जिवंत होते का, कोणी मारले, आणि तुमच्याकडे कसे आले? वाचकांना वाटेल, एका दगडाची ती काय कथा! मलाही आधी तसेच वाटले होते.

प्रवाळ मला माझ्या धाकट्या भावाने दिले. आमच्या कोकणपट्टीतल्या मुसलमान घरांत जहाजावर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि पोटासाठी समुद्र, अशी आमची रीत. आजोबा मालवाहू आगबोटीवर खलाशी होते. भाऊ कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या एका क्रूझ जहाजावर भांडी धुण्याच्या विभागात लागला. तीन हजार पाहुण्यांची ताटे, दिवसाचे दहा-अकरा तास आणि झोपायला खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. तो हसत सांगायचा, "बाजी, लोक समुद्र बघायला पैसे मोजतात, मला समुद्रावर राहून समुद्र दिसत नाही."

जानेवारी २०१९ मध्ये त्याला एकदा दिवसभराची मोकळीक मिळाली. एका सोबत्याने त्याची पाळी घेतली होती. जहाज सेंट थॉमस बेटाला लागले होते. तिथून छोट्या बोटीने वीस मिनिटांवर सेंट जॉन नावाचे बेट आहे. जेमतेम पन्नास चौरस किलोमीटरचे हे बेट म्हणजे हिरवे डोंगर आणि त्यांच्या पायाशी निळे पाणी. आज ते अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांपैकी एक आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग १९५६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९६२ पासून किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाचाही काही भाग त्या उद्यानात धरला जातो. भाऊ आणि त्याचे दोन मित्र सकाळी अॅनाबर्गचे भग्नावशेष पाहायला गेले आणि दुपारी ट्रंक बेच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले. आयुष्यात एकदाच मिळालेला तो दिवस.

अॅनाबर्ग म्हणजे एके काळचा उसाचा मळा आणि गुऱ्हाळ. गुऱ्हाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हुरड्याच्या दिवसांतली मजा आणि ताज्या काकवीची वाटी येते. हे गुऱ्हाळ तसे नव्हते. डेन्मार्कने १७१८ साली हे बेट घेतले आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांकडून डोंगरउतारावरचे रान तोडून घेतले, दगडांचे बांध घालून घेतले आणि ऊस लावून घेतला. वाऱ्यावर चालणाऱ्या चक्कीत ऊस पिळला जाई. वारा पडला की घोडे जुंपलेल्या चरकात. रस पन्हळीतून उकळण्याच्या खोलीत येई. तिथे एका रांगेत तांब्याच्या काहिली, मोठीपासून लहानापर्यंत. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उकळता रस पळ्यांनी ओतत न्यायचा. साखर पिंपात भरून युरोपला जाई, मळीची दारू गाळली जाई. हंगामात भट्टी रात्रीही विझत नसे. बेटावरची माणसे निमूटपणे हे सोसत राहिली असेही नाही. नोव्हेंबर १७३३ मध्ये त्यांनी उठाव केला आणि जवळपास सहा महिने बेटाचा बराचसा भाग आपल्या हाती ठेवला. अखेर मार्टिनिकहून आलेल्या फ्रेंच सैन्याने तो मोडून काढला.

भावाच्या मोबाइलमध्ये अॅनाबर्गचा एक फोटो आहे. तो एका पडक्या भिंतीला टेकून उभा आहे, दोन बोटे वर करून हसतो आहे. त्या मुलीच्या प्रश्नांनंतर मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. त्याच्या खांद्यामागे, दगडांच्या आणि पिवळसर विटांच्या मध्ये, नागमोडी वळ्यांचा एक गोल दगड बसवलेला आहे. आमच्या शोकेसमधल्यासारखाच.

मग मी वाचायला लागले. अॅनाबर्गच्या भिंती तीन गोष्टींच्या आहेत: डोंगरातला दगड, जहाजाच्या तळाला भार म्हणून युरोपातून आणलेल्या विटा आणि समुद्रातून कापून काढलेले प्रवाळ. ओले असताना प्रवाळ मऊ असते, हवे तसे तासता येते. म्हणून कोपऱ्यांना आणि दाराखिडक्यांच्या चौकटींना ते वापरत. शिंपले आणि प्रवाळ भाजून चुना करत आणि त्या चुन्यात भिंती बांधत. म्हणजे साखरेच्या त्या कारखान्यासाठी समुद्रही खणला गेला होता. गुलाम माणसे कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात उतरून जिवंत प्रवाळ तोडत होती.

प्रवाळ म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवे. दिसते दगडासारखे, पण ती वसाहत असते लहान लहान प्राण्यांची. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानाला त्यातला मोठा वाटा देते. रंगही बहुतांशी त्याच्यामुळेच. मेंदूसारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढते. म्हणजे आमच्या मुठीएवढ्या तुकड्याला तेवढे व्हायला कित्येक वर्षे लागली असणार. सूरह रहमानमध्ये मोत्याबरोबर मरजानचा उल्लेख येतो हे आमच्या शाळेतल्या लहान मुलालाही माहीत असते. पण मरजान हा जीव आहे, हे मी स्वतः त्या मुलीच्या प्रश्नापर्यंत मनावर घेतले नव्हते.

इथे मला पहिला नैतिक पेच दिसतो. अॅनाबर्गच्या भिंतीतले प्रवाळ कोणी मारले? हात तर गुलामाचा होता. कोयता, पहार त्याच्या हातात होती. मग अपराध त्याचा का? कोणीही शहाणा माणूस 'हो' म्हणणार नाही. आपल्या परंपरेत जबर आणि इख्तियार यांची जुनी चर्चा आहे. जबर म्हणजे सक्ती, इख्तियार म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य. जिथे इख्तियार नाही तिथे जबाबदारी नाही, हे मदरशातला विद्यार्थीही सांगेल. गुलामाला इख्तियार नव्हता. मग जबाबदारी कोणावर? मळ्याच्या मालकावर, हे उघड आहे. पण तिथेच थांबता येत नाही. मालक ऊस लावत होता, कारण दूर कोपनहेगनमध्ये कोणी तरी सकाळच्या पेयात साखर ढवळत होते. त्या माणसाने कधी चाबूक उचलला नाही, समुद्रात पाय घातला नाही. कदाचित तो दयाळू असेल, भिकाऱ्याला दान देत असेल. त्याचा हात स्वच्छ होता, लाभ मात्र त्याच्या पेल्यात विरघळत होता.

अपराध शोधताना आपण हात पाहतो. पोलीस हात पाहतात, न्यायालय हात पाहते, शिक्षकही वर्गात 'कोणी केले?' म्हणून हातच शोधतात. ते आवश्यकही आहे. पण हात पाहून भागत नाही. लाभ कोणाकडे गेला, याचा माग काढला की जबाबदारीचा खरा रस्ता दिसू लागतो. हात आणि लाभ यांच्यात जितके अंतर जास्त, तितकी लाभ घेणाऱ्याची झोप गाढ.

दुसरा पेच आजचा आहे. दुपारी भाऊ ट्रंक बेला डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यात उतरला. तिथे समुद्राच्या तळाशी पाट्या लावलेली एक पाण्याखालची पायवाट आहे. हा कोणता मासा, हे कोणते प्रवाळ, ते पोहता पोहता वाचायचे. त्याने पोपटासारखी चोच असलेले निळे-हिरवे मासे पाहिले आणि एक कासव त्याच्या खालून गेले. "बाजी, ते माझ्याकडे बघून घाई न करता निघून गेलं," हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. पण त्याने हेही सांगितले की बरेचसे प्रवाळ राखाडी होते, शेवाळ चढलेले, जुन्या दफनभूमीसारखे.

ते कोणी मारले? २००५ साली कॅरिबियन समुद्राच्या पूर्व भागातले पाणी असह्य तापले. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. फार दिवस तसे राहिले तर उपाशी मरते. त्या उष्णतेने आणि पाठोपाठ आलेल्या रोगाने व्हर्जिन बेटांच्या अभ्यासलेल्या जागांवर प्रवाळाचे आच्छादन सरासरी साठ टक्क्यांनी घटले. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा आणि मारिया ही दोन महाभयंकर वादळे पंधरवड्याच्या आत येऊन गेली. २०१९ मध्ये सेंट थॉमसजवळ प्रवाळाचे मांस गळून पडणारा नवा रोग आढळला. २०२३ मध्ये कॅरिबियन समुद्र पुन्हा विक्रमी तापला आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचे प्रवाळ चौथ्यांदा एकाच वेळी पांढरे पडत असल्याचे जाहीर केले.

अॅनाबर्गच्या भिंतीपाशी निदान हात दाखवता येत होता. इथे हातच नाही. कोळसा, तेल, विमाने, कारखाने, ती क्रूझ जहाजे आणि आपल्या घरातली वीजसुद्धा. सगळ्यांचा थोडा थोडा लाभ, आणि कोणाचाच हात नाही. कोपनहेगनचा तो साखर खाणारा माणूस आता एकटा राहिला नाही, सारे जग त्याच्या टेबलाशी येऊन बसले आहे. अर्थात सगळे सारखे बसलेले नाहीत. डेकवर आरामखुर्चीत पहुडलेला पाहुणा आणि खाली ताटे धुणारा माझा भाऊ यांचा लाभ सारखा नाही. लाभाप्रमाणे जबाबदारी मोजायची तर हे तोलून सांगितले पाहिजे. 'आपण सगळेच दोषी' हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण त्याच्या आडून मोठे लाभार्थी सहज निसटतात.

आता तिसरा पेच, आमच्या शोकेसमधला. एका संध्याकाळी मी भावाला विचारले, "तू हे कुठून उचललंस?" तो म्हणाला, "किनाऱ्यावर वाळूत पडलं होतं. मेलेलं होतं. मी तोडलं नाही." मी म्हटले, "तिथून काही न्यायला बंदी असेल ना?" तो गप्प बसला. मग जरा चिडूनच म्हणाला, "बाजी, त्या समुद्राने लोकांना काय काय दिलं. हॉटेलं दिली, बंगले दिले. मी वर्षभर लोकांचं उष्टं धुतलं. अम्मीसाठी एक दगड आणला तर तो गुन्हा?"

या प्रश्नाला झटकन उत्तर देण्याचा मला अधिकार नाही असे वाटते. त्यात खरेपणा आहे. जगातले मोठे लुटारू मोकळे असताना गरिबाच्या खिशातला दगड तपासणे हा न्याय नव्हे. मेलेले प्रवाळ नेऊ नये, या नियमामागचे कारण त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही ते नंतर शिकले. मेलेले प्रवाळ वाया जात नाही. त्याच्या पृष्ठभागावर नवे प्रवाळ रुजते, त्याच्या फटीत मासे लपतात, चोचीचे ते मासे ते कुरतडतात आणि त्यातूनच किनाऱ्याची पांढरी वाळू होते. रोज येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने 'एकच दगड' नेला तर किनारा उरणार नाही. दगडी प्रवाळाला आंतरराष्ट्रीय करारानेही संरक्षण आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यानेही. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपलेही प्रवाळ आहे आणि तोच न्याय त्यालाही लागू आहे.

पण मला कायद्यापेक्षा एक साधी गोष्ट टोचते. भिंतीतल्या प्रवाळाच्या बाबतीत हात एकाचा होता, लाभ दुसऱ्याचा. पांढऱ्या पडलेल्या समुद्राच्या बाबतीत हात कोणाचाच नाही, लाभ अनेकांचा. आमच्या शोकेसमधल्या तुकड्याच्या बाबतीत हात आमचा आहे आणि लाभही आमचाच. अपराध सर्वांत लहान, पण हिशेब सर्वांत सरळ. जगातल्या मोठ्या अन्यायांवर मी वर्गात तळमळून बोलते. जिथे इख्तियार संपूर्ण माझा आहे, तिथे मात्र मी 'मालूम नहीं' म्हणाले. त्या मुलीशी मी खोटे बोलले नाही, पण खरेही बोलले नाही.

आपल्या समाजापुरते एक कटू सत्यही इथे नोंदवावेसे वाटते. कॅरिबियन बेटांवर विकल्या गेलेल्यांत मुसलमानही होते. तिंबक्तूत जन्मलेला अबू बक्र अल-सिद्दीक जमैकात कित्येक वर्षे गुलामीत राहिला आणि १८३४ साली त्याने आपली हकिगत अरबीत लिहिली. हे वाचताना आपले मन भरून येते. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा फक्त सोसणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडतो. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापारात विकणारे आणि विकत घेणारे यांत मुसलमान व्यापारीही होते. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, हातोहात विकला गेलेला मुलगा होता. आमची शाळा सहलीला जंजिऱ्याला जाते. मुले शिडाच्या होडीतून उतरतात, तोफांवर हात ठेवून फोटो काढतात, मी 'अजिंक्य किल्ला' म्हणून माहिती सांगते. सिद्दी या किनाऱ्यावर आले त्यामागे माणसांच्या विक्रीचा केवढा इतिहास आहे, हे मी एकाही सहलीत सांगितलेले नाही. भिंतीला टेकून दोन बोटे वर करणाऱ्या माझ्या भावात आणि माझ्यात मग फरक काय?

कुरआन पुन्हा पुन्हा सांगते की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा. म्हणजे भग्नावशेष पाहणे हे आपल्याला परके नाही. प्रश्न कसे पाहावे हा आहे. उर्दू शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंशी यावर बोलताना दोन शब्द हाती लागले. एक तमाशा. मूळ अरबीत त्यात चालण्याचा, फिरण्याचा अर्थ आहे. फिरत फिरत पाहायचे, मन रमवायचे, पुढे जायचे. दुसरा इबरत. आपण त्याचा अर्थ 'धडा' असा करतो, पण त्याचे मूळ उबूर या शब्दाशी जोडलेले आहे, म्हणजे पार होणे, ओलांडणे. अंदमानची शिक्षा सुनावताना उर्दू निकालपत्रांत हाच उबूर येत असे: खारा समुद्र ओलांडून. तमाशात पाहणारा आहे तिथेच राहतो. इबरतीत त्याला दिसणाऱ्या गोष्टीकडून न दिसणाऱ्या गोष्टीकडे ओलांडून जावे लागते. भिंतीकडून हाताकडे, हाताकडून लाभाकडे आणि लाभाकडून स्वतःकडे. शेवटचा टप्पा अवघड असतो, म्हणून बहुतेक लोक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावरूनच परततात.

अॅनाबर्गच्या टेकडीवर उभे राहिले की समोर, अरुंद समुद्रापलीकडे टॉर्टोला बेट दिसते. ते ब्रिटिशांचे. तिथे गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ पासून कायद्याने संपली. सेंट जॉनवर ती ३ जुलै १८४८ पर्यंत चालू राहिली. मधल्या चौदा वर्षांत या किनाऱ्यावरची माणसे रात्री चोरलेल्या होड्यांतून आणि पोहतही पलीकडे निसटत. सगळे पोचले नाहीत. भावाने त्या टेकडीवरून टॉर्टोलाचाही फोटो काढला होता, 'छान दिसते' म्हणून. ही माहिती मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ फोटो पाहत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं तो नुसता नजारा आहे."

२०२० मध्ये साथीमुळे क्रूझ जहाजे बंद पडली. भाऊ दोन महिने समुद्रातच अडकून मग घरी आला. आता तो तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, पण पुन्हा जहाजावर जाण्याचा विचार त्याच्या मनातून गेलेला नाही. म्हणूनच आमच्या घरात एक वाद अजून मिटलेला नाही. मी म्हणते, वनखात्याला जाऊन सरळ सांगावे आणि प्रवाळ त्यांच्या हवाली करावे. अम्मी म्हणते, पोराच्या कागदांवर डाग लागला तर? तिची भीती खोटी नाही. जाऊन सांगणे भावाच्या वतीने मला सोपे आहे, कारण किंमत तो मोजणार. हात आणि लाभ यांचा जो हिशेब मी वर मांडला, तो इथे माझ्यावरच उलटतो. प्रामाणिक म्हणवून घेण्याचा लाभ माझा आणि भोगणे त्याचे, हेही न्यायाचे नव्हे. म्हणून निर्णय त्याचा असावा, असे मी ठरवले आहे.

हा लेख पाठवण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "छाप. माझं नाव नको घालू, पण छाप." मग उठून त्याने शोकेस उघडले, प्रवाळ बाहेर काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले. अम्मी काही बोलली नाही. शोकेसमध्ये त्या जागी धुळीत एक गोल उमटला आहे, तो अजून कोणी पुसलेला नाही.

दरम्यान ती मुलगी आता नववीत गेली आहे. गेल्या आठवड्यात मी तिला व्हरांड्यात थांबवले आणि तिच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. "मेरे भाई ने दिया, और उसे लेने की इजाज़त नहीं थी." तिने थोडा विचार करून विचारले, "अब क्या करेंगे?" या वेळी घंटा झाली नाही. मी म्हटले, "घर में सोच रहे हैं." ती मान हलवून वर्गात गेली. तिच्या चेहऱ्यावरून मला एवढे कळले की 'मालूम नहीं'पेक्षा हे उत्तर तिला पटले आहे.